मुलगा वर्गमित्राची नक्कल करून हसतो, हसवणारी पुस्तकं बंद करू का?

पत्र (थोडं आटोपतं करून):

"माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. हसरा, बडबड्या, सगळ्यांचा लाडका. त्याच्या वर्गातला एक मुलगा अडखळत बोलतो. गेले काही दिवस माझा मुलगा घरी येऊन त्याची हुबेहूब नक्कल करतो आणि घरातले सगळे हसतात, काका तर 'परत कर, परत कर' म्हणतो. धाकटी दोन वर्षांची, काही न कळता तीही खिदळते. मी रागावले तर म्हणतो, 'मी फक्त गंमत करतोय.' मी बोधकथांचा एक सेट आणला, दोन पानांतच उठून पळतो. त्याला फक्त हसवणारी चित्रांची पुस्तकं हवी असतात, तीच तीच. पण त्यातही कोणी जाडा धपकन पडतो, कोणी विचित्र बोलतो, त्यामुळे वाटतं ही पुस्तकंच त्याला बिघडवतायत की काय. बंद करू का? की त्यातूनच त्याला दुसऱ्याचं मन कळायला शिकवता येईल? शाळेत बाईंशी बोलू का? – एक आई"

ताई, पुस्तकं बंद करू नका. हे पहिल्यांदाच सांगून टाकते कारण तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त घालमेल त्याचीच दिसतेय. हसवणारी चित्रपुस्तकं तुमच्या मुलाला बिघडवत नाहीयेत, उलट समोरच्याच्या मनात काय चाललंय हे ओळखायची सवय लागायला सहा वर्षांच्या मुलासाठी त्याहून चांगली गोष्ट मला तरी माहीत नाही. फक्त कुठलं पुस्तक घ्यायचं आणि ते कसं वाचायचं याने खूप फरक पडतो, त्याबद्दल सविस्तर लिहितेच. पण आधी नक्कल, कारण ती पुस्तकावर सोडून चालणार नाही.

नक्कल आजच थांबवायची, आणि ती मोठ्या माणसांनी थांबवायची. पुस्तकाचा परिणाम हळूहळू होतो, महिने जातात, आणि तेवढे दिवस तो दुसरा मुलगा वाट बघत बसू शकत नाही. पहिलं म्हणजे काकाशी बोला, मुलासमोर नाही, वेगळं बोलवून. मूल नक्कल करतं ते समोर हसणारे प्रेक्षक असतात म्हणून, आणि आई रागावते पण काका टाळ्या देतो म्हटल्यावर मुलाला काकाचंच ऐकावंसं वाटणार ना. काकाला एवढंच सांगा की आता नक्कल सुरू झाली की हसायचं नाही, ओरडायचं पण नाही, विषय बदलायचा. प्रेक्षकच उठून गेले की अर्धी मजा तिथेच संपते.

मग मुलाशी एकदाच, शांतपणे, तो जेवताना किंवा झोपताना नाही तर साधा खेळत असताना. "तू वाईट मुलगा आहेस", "कोणी तुझी अशी नक्कल केली तर चालेल का" असलं काही नको. दुसरं वाक्य आपण सगळेच वापरतो पण सहा वर्षांचा मुलगा त्यावर बिनधास्त "हो चालेल" म्हणतो आणि मग आपल्याकडे बोलायला काही उरत नाही. त्यापेक्षा सरळ काय होतं ते सांगा. "त्याला शब्द माहीत असतो, पण तो तोंडातून बाहेर यायला वेळ लागतो. त्यात त्याला खूप जोर लावावा लागतो. आपण त्यावर हसतो हे त्याला कळलं तर तो बोलणंच बंद करेल. म्हणून आपल्या घरात ही नक्कल करायची नाही." बास. सॉरी वदवून घेऊ नका, रडेपर्यंत ताणू नका. मार्टिन हॉफमन नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, मुलांमध्ये दुसऱ्याबद्दल कळवळा कसा येतो यावर त्यांनी आयुष्यभर काम केलं, आणि त्यांचं म्हणणं हेच होतं की धाक किंवा शिक्षा यापेक्षा 'तुझ्या वागण्याने समोरच्याला काय झालं' हे दाखवून दिलेलं मुलांच्या आत जास्त टिकतं. शिक्षेत मुलाचं सगळं लक्ष स्वतःकडे जातं, मला ओरडा बसला, माझा खेळ गेला, आणि तो दुसरा मुलगा बिचारा त्या सगळ्यातून गायबच होतो.

तुमचा मुलगा तुम्हाला विचारेल की वर्गातला तो मुलगा असा का बोलतो, तेव्हा उत्तर तयार असू द्या, कारण याबद्दल भरपूर चुकीच्या समजुती आहेत. अडखळणं बहुतेक वेळा दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान सुरू होतं, साधारण शंभरात पाच मुलांना लहानपणी कधी ना कधी होतं, त्यातल्या बऱ्याच जणांचं जातं, मोठेपणी शंभरात एखाद्याचं राहतं. मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त दिसतं. ते घाबरटपणामुळे होत नाही, आईवडिलांच्या चुकीने होत नाही, हुशारीशी त्याचा काडीचा संबंध नाही. बोलताना मेंदू जी जुळवाजुळव करतो त्यातला तो फरक आहे आणि पुष्कळदा तो घराण्यात चालत आलेला असतो. आणि प्लीज, "नक्कल केलीस तर तूही तसाच बोलशील" अशी भीती अजिबात घालू नका. ते खरं तर नाहीच, शिवाय त्यातून मुलाला असं वाटतं की त्या मुलाला झालंय ते काहीतरी भयंकर आहे, त्याच्यापासून लांब राहायला पाहिजे. तुम्हाला नेमकं उलटं हवंय. त्याऐवजी त्याला करायला काहीतरी द्या: तो बोलत असेल तेव्हा थांबायचं, त्याचा शब्द आपण पूर्ण करायचा नाही, "हळू बोल" म्हणायचं नाही, त्याच्याकडे बघायचं आणि तो काय सांगतोय ते ऐकायचं. सहा वर्षांच्या मुलांना काय करू नको यापेक्षा काय कर हे सांगितलेलं फार आवडतं, त्यात त्यांना मोठं झाल्यासारखं वाटतं.

आता पुस्तकांकडे येते, आणि इथे मला तुमच्या मुलाबद्दल एक चांगली गोष्ट सांगायची आहे जी बहुतेक तुमच्या लक्षात आली नसेल. हुबेहूब नक्कल करायला फार बारीक लक्ष लागतं. त्या मुलाचा कुठला शब्द अडतो, तेव्हा तो मान कशी हलवतो, डोळे कुठे नेतो हे सगळं तुमच्या मुलाने टिपलंय. वर्गातल्या निम्म्या मुलांनी तेवढं बघितलंही नसेल. म्हणजे बाहेरून बघणं त्याला उत्तम जमतं, आतून काय वाटत असेल तिथे मात्र तो अजून पोचलेला नाही, आणि तेवढंच आपल्याला त्याला शिकवायचंय. ज्या मुलाचं दुसऱ्याकडे लक्षच नसतं त्याला शिकवणं याच्यापेक्षा कितीतरी अवघड असतं हो.

आणि आत पोचायची वाट हसवणाऱ्या चित्रपुस्तकात कशी असते ते बघा. समजा, एक उंट आहे. त्याने नवाकोरा स्वेटर घातलाय आणि तो सगळ्या गावाला दाखवायला निघालाय. शब्दांत फक्त एवढंच लिहिलंय की उंट ऐटीत चालला होता. पण चित्रात दिसतं की स्वेटरचा धागा घराच्या फाटकाच्या खिळ्यात अडकलाय, आणि प्रत्येक पानावर स्वेटर बोटभर आखूड होत चाललाय. शब्द एक सांगतात, चित्र दुसरंच सांगतं, आणि मूल हसतं ते या दोन्हींच्या मधल्या फटीत. त्याला माहीत आहे, उंटाला माहीत नाही. हे आपल्याला किरकोळ वाटतं पण मुलासाठी हा खूप मोठा टप्पा असतो. १९८३ मध्ये हाइन्झ विमर आणि योसेफ पेर्नर यांनी मुलांना अशीच एक गोष्ट सांगून तपासलं होतं, एक मुलगा एक वस्तू एका जागी ठेवून जातो, त्याच्यामागे ती दुसरीकडे हलवली जाते, आता तो परत आल्यावर कुठे शोधेल? अगदी लहान मुलं म्हणतात, जिथे ती आता खरोखर आहे तिथे. म्हणजे मला जे माहीत आहे ते सगळ्यांनाच माहीत असणार. साधारण चार वर्षांच्या पुढेमागे मुलांना कळायला लागतं की नाही, त्याच्या डोक्यात वेगळं आहे, त्याला बिचाऱ्याला हे माहीतच नाही. उंटाच्या स्वेटरवर जो हसतोय त्याला हे कळलंय म्हणूनच तो हसू शकतोय. म्हणजे प्रत्येक पानावर तो दुसऱ्याच्या डोक्यात शिरून बाहेर येतोय आणि त्याला कोणी अभ्यास दिलाय असंही वाटत नाही.

आणि मग ते पान येतं जिथे उंट मागे वळून बघतो आणि अंगावर फक्त कॉलर उरलेली असते. इथे चांगलं पुस्तक असेल तर मूल हसता हसता क्षणभर थांबतं. माझं सगळं म्हणणं त्या थांबण्याबद्दल आहे. आत्तापर्यंत आपण उंटाला बाहेरून बघत होतो, आता एकदम त्याचा चेहरा दिसला. तुमच्या मुलाला जे अजून जमत नाहीये ते नेमकं या पानावर त्याला स्वतःहून जमतं, आणि त्यासाठी त्याला हसणं सोडावं लागत नाही. बोधकथेत आपण मुलाला आधी हसू गिळायला लावतो, गंभीर चेहरा करून बसवतो आणि मग दया शिकवायला जातो. दोन पानांत उठून पळतो यात मला काही नवल वाटत नाही.

बोधकथांबद्दल आणखी एक. २०१४ मध्ये कांग ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन ते सात वर्षांच्या मुलांना वेगवेगळ्या गोष्टी सांगून मग ती खरं बोलतात का ते बघितलं होतं. खोटं बोलणाऱ्याचे हाल झाले अशा प्रसिद्ध गोष्टींनी मुलांच्या खरं बोलण्यात काही वाढ झाली नाही, पण एकाने खरं सांगितलं आणि त्याचं कौतुक झालं या गोष्टीने झाली. तो प्रयोग खरं-खोटं बोलण्याबद्दल होता, चिडवण्याबद्दल नाही, तरी पुस्तक निवडताना मी हे लक्षात ठेवते: चिडवणाऱ्याची शेवटी कशी फजिती झाली, असं पुस्तक घेऊ नका. त्यात मूल चिडवणाऱ्याच्या फजितीवर हसतं, म्हणजे परत पडलेल्यावर हसणंच झालं, फक्त पडणारा बदलला.

मग घ्यायचं कसलं? लायब्ररीत किंवा दुकानात उभ्याउभ्या चाळून बघता येईल असं सांगते. चित्रपुस्तकं सहसा ३२ पानांची असतात, पाच मिनिटांत पूर्ण वाचून होतात, त्यामुळे आधी स्वतः वाचल्याशिवाय घरी आणू नका. पहिलं बघा, विनोद कशावर आहे. पात्र काय करायला जातं, त्याला काय हवंय, त्यात त्याचा कसा गोंधळ उडतो यावर हसू येत असेल तर छान. पात्र जाड आहे, त्याला नीट ऐकू येत नाही, ते अडखळतं, एवढंच दाखवून हसवत असेल तर ठेवून द्या. तीच वेगळेपणाची गोष्ट असलेलं मूल जर त्या पुस्तकात खोड्या करत असेल, हट्ट करत असेल, चुकत असेल, दुसऱ्याची फिरकी घेत असेल तर ते पुस्तक लगेच उचला. कारण अशी पात्रं पुस्तकांत बहुतेक वेळा एकतर बिचारी असतात किंवा देवासारखी चांगली असतात, आणि दोन्ही प्रकारांत मुलांना त्यांच्याशी खेळावंसं वाटत नाही. कीव करणं म्हणजे समजून घेणं नाही, कीव आपण वरून खाली बघून करतो.

शेवट मात्र फार नीट बघा. एक शेवट इतक्या पुस्तकांत येतो की मला त्याची चीडच आहे: वेगळ्या असणाऱ्याला सगळे चिडवतात, मग काहीतरी संकट येतं, त्याच्या त्याच वेगळेपणामुळे सगळे वाचतात, आणि मग सगळे त्याला आपल्यात घेतात. वाचायला गोड वाटतं पण मुलाला काय कळलं? की तो उपयोगी पडला म्हणून आपला झाला. ज्याच्या अडखळण्याचा कोणालाच काही उपयोग नाही त्याचं काय मग? दुसरा तसाच शेवट म्हणजे शेवटच्या पानावर अडखळणं जादूने निघून जातं आणि सगळे टाळ्या वाजवतात. मला आवडतात ती पुस्तकं ज्यात शेवटच्या पानावरही तो तसाच बोलतो, आणि बाकीचे खेळात इतके गुंतलेले असतात की त्यांना त्याचं काही वाटतच नाही.

रूडीन सिम्स बिशप या अभ्यासक बाईंनी १९९० मध्ये लिहिलं होतं की पुस्तकं मुलांसाठी खिडक्याही असतात आणि आरसेही. तुमच्या मुलासाठी अडखळणाऱ्या मुलाचं पुस्तक खिडकी आहे. पण तेच पुस्तक उद्या त्या दुसऱ्या मुलाच्याही हातात पडू शकतं आणि त्याच्यासाठी तो आरसा असेल. पुस्तक निवडताना मनात हा एकच प्रश्न विचारला तरी बरंचसं सुटतं: हे तो मुलगा शेजारी बसलेला असताना मी मोठ्याने वाचू शकेन का, आणि तो हसेल का?

प्राणी की माणसं, यावर पण एक सांगते कारण हसवणारी बहुतेक पुस्तकं प्राण्यांचीच असतात. टोरंटोच्या संशोधकांनी २०१७ मध्ये चार ते सहा वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याबद्दलची एक गोष्ट वाचून दाखवली, काहींना माणसांची, काहींना कपडे घातलेल्या प्राण्यांची. नंतर मुलांनी आपले स्टिकर दुसऱ्यांना द्यायचे होते, तर माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी आधीपेक्षा जास्त दिले, प्राण्यांची ऐकलेल्यांनी काही जास्त दिले नाहीत. म्हणून उंट-अस्वलं काढून टाकायची असं नाही, दुसऱ्याच्या डोक्यात शिरायची मजा तिथे भरपूर मिळते, पण तेवढ्यावरच थांबू नका. दोन प्राण्यांची असतील तर एक तरी खऱ्या मुलामुलींचं, वर्गातलं, खेळातल्या भांडणाचं असू द्या. मुलाला उंटावरून स्वतःपर्यंत यायला मधे एक पायरी लागते.

आता वाचायचं कसं. इथे बहुतेक पालक, अगदी खूप वाचून दाखवणारेसुद्धा, एक गोष्ट करतात ती म्हणजे पुस्तक मिटल्या मिटल्या विचारतात, "मग यातून आपण काय शिकलो?" हा प्रश्न मनापासून सांगते, विचारूच नका. त्या एका प्रश्नाने पुस्तकाची परीक्षा होते, मुलाला कळतं की आईने हसवायला नाही, शिकवायला आणलं होतं, आणि पुढच्या वेळी ते सावध बसतं. हसताना मूल सावध नसतं, म्हणून तर ते हसताना इतकं काही आत घेऊ शकतं.

त्याऐवजी पान उलटायच्या आधी थांबा. जरा जास्तच थांबा. चित्रपुस्तकातला विनोद बराचसा पान उलटण्यातच असतो, त्याच्या आधीच्या पानावर सगळं ताणून धरलेलं असतं. तिथे विचारा, "याला कळलंय का अजून?" किंवा "हा आता काय समजून बसलाय?" तुम्ही वाचत असताना मूल अक्षरांकडे जवळजवळ बघतच नाही, त्याचे डोळे चित्रांवर फिरत असतात, हे संशोधनातही दिसलंय, त्यामुळे चित्रातलं त्याला तुमच्याआधी दिसलेलं असतं. त्याला सांगू द्या. तुम्हाला न दिसलेलं त्याने दाखवलं की "अरे हो, मला दिसलंच नाही" म्हणा, तो दुप्पट लक्ष द्यायला लागेल. आणि दर पानावर विचारू नका हां, एका वाचनात एकदोनदा पुरे, नाहीतर गोष्ट तुटते आणि तो पुन्हा उठून पळेल.

चेहरे बघायला लावा. गंमत सहसा पानाच्या मध्यभागी असते पण चांगले चित्रकार कोपऱ्यात एखादं पात्र काढून ठेवतात जे हसत नाहीये, किंवा ज्याच्या लक्षात सगळं आलंय आणि सांगू की नको असं त्याला झालंय. "हा कोपऱ्यातला बघ, हा का नाही हसत?" एवढंच विचारा. उत्तर नाही आलं तरी चालेल. तुम्ही उत्तर देऊ नका, पान उलटा. असा न सुटलेला प्रश्न मुलं घेऊन फिरतात आणि दोन दिवसांनी भलत्याच वेळी, चपला घालता घालता, उत्तर देतात.

तुमच्या मुलाच्या नकलेच्या कलेला इथे भरपूर काम द्या. त्याला आवाज काढू द्या, पात्रं वाटून घ्या. पण एक करा, ज्याची फजिती होते त्याचं काम त्याला द्या आणि हसणाऱ्यांचं काम तुम्ही घ्या. उंट तो झाला आणि गावातले सगळे तुम्ही झालात की त्याला आपोआप कळतं की ऐटीत चालताना कसं वाटत होतं आणि कॉलर उरल्यावर कसं वाटलं. पुढच्या वेळी तो स्वतःच म्हणेल, आता मी दुसरा होतो. होऊ द्या. काकालाही यात ओढा, त्याला "परत कर, परत कर" म्हणायची हौस आहे ना, ती इथे पूर्ण होऊ दे.

तीच तीच पुस्तकं मागतो याबद्दल तुम्ही वैतागलेल्या दिसता, पण ते फार चांगलं आहे. पहिल्या दोनचार वाचनांत मूल फक्त पुढे काय होतं यात असतं. धक्का संपला, शेवट पाठ झाला की मग त्याला इकडे तिकडे बघायला फुरसत मिळते, कोपऱ्यातली पात्रं तेव्हाच दिसतात. त्यामुळे दर आठवड्याला नवं पुस्तक आणायची गरज नाही, मोजकी चांगली पुष्कळ झाली.

घरात आत्ता असलेल्या पुस्तकांचं काय, जाडा धपकन पडतो वगैरे? फेकू नका, लपवू नका, लपवलेलं पुस्तक मुलांना सगळ्यात जास्त हवं असतं. त्या पानावर आलात की फक्त हसू नका. त्याने विचारलं, आई तू का नाही हसलीस, तर खरं सांगा, "मला हे नाही आवडलं, त्याला लागलं असेल असं वाटलं." आणि पुढे वाचा. भाषण नको. आईला कशावर हसू येतं आणि कशावर येत नाही हे मुलं फार बारकाईने बघतात. एखादं पुस्तक मात्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकाच माणसाच्या शरीरावर किंवा बोलण्यावर हसत असेल, त्याला स्वतःचं असं काहीच नसेल, तर ते बिनदिक्कत घराबाहेर काढा आणि मुलाने विचारलं तर कारणही सांगा.

धाकटीची काळजी करू नका, ती दादा हसतो म्हणून हसतेय. पण ती फार लहान आहे असंही समजू नका. १९९७ मध्ये बेटी रेपाचोली आणि अ‍ॅलिसन गॉपनिक यांचा एक प्रयोग होता, एका मोठ्या बाईने बिस्किटं चाखून तोंड वाकडं केलं, कच्ची ब्रोकोली चाखून ती खूश झाली, आणि मग तिने बाळापुढे हात केला. चौदा महिन्यांच्या बाळांनी स्वतःला आवडणारी बिस्किटं दिली. अठरा महिन्यांच्यांनी ब्रोकोली दिली, म्हणजे मला आवडत नाही पण तिला आवडते हे त्यांना कळलं होतं. तुमची दोन वर्षांची आहे, तिच्याबरोबर फक्त चेहऱ्यांची पुस्तकं बघा, हा रडतोय, ही खूश झाली, हा घाबरला, एवढं पुरे.

आणि एक नाजूक गोष्ट. पुस्तक वाचताना त्या वर्गातल्या मुलाचं नाव काढू नका. "बघ, हा पण तुझ्या त्या मित्रासारखाच बोलतो" असं म्हणायचा मोह खूप होईल, आवरा. नाव घेतलं की पुस्तक शिक्षा होऊन जातं, आणि तो मुलगा 'पुस्तकातला नमुना' होतो. नक्कल केली त्याच रात्री मुद्दाम तसलं पुस्तक काढणं पण नको, त्याला लगेच कळतं. जोडायचं असेल तेव्हा तो स्वतः जोडेल. कदाचित एक दिवस घरी येऊन सांगेल की आज त्याने वर्गात एक जोक सांगितला, खूप वेळ लागला पण भारी होता. किंवा काहीच सांगणार नाही, फक्त नक्कल बंद झालेली असेल. मधेच एखाद्या दिवशी परत करेलही, तेव्हा निराश होऊ नका, तेच एक वाक्य परत सांगा आणि पुढे चला.

बाईंशी जरूर बोला. तक्रार म्हणून नाही, आपलंच मूल आहे म्हणून मोकळेपणाने सांगा की घरी हे चाललं होतं, मी थांबवलंय, वर्गातही लक्ष ठेवाल का. तुमचा मुलगा एकटाच नसणार. आणि बाई वर्गात पुस्तक वाचून दाखवत असतील तर एक सुचवा, ज्यात एखादी गमतीची ओळ परत परत येते आणि सगळी मुलं ती एका सुरात म्हणतात अशी पुस्तकं घ्या. अडखळणाऱ्या बऱ्याच जणांना सगळ्यांबरोबर एका सुरात म्हणताना किंवा गाताना अडत नाही, हे अनेक वर्षांपासून माहीत आहे, त्यामुळे त्या मुलालाही तेवढा वेळ नुसती मजा करता येईल. फक्त बाईंना हेही सांगा की त्यानंतर "बघा, आता कसं छान बोलला" असं कौतुक करू नका, कारण मग सगळा वर्ग परत त्याच्या तोंडाकडे बघायला लागतो. आणि अडखळणाऱ्या मुलाचं पुस्तक वर्गात वाचायचं असेल तर त्याआधी बाईंनी त्या मुलाला आणि त्याच्या आईबाबांना विचारून घ्यावं, तो नको म्हणाला तर ते वर्गात आणू नये. तुमच्या घरी वाचायला अर्थातच काही हरकत नाही.